अन्नपूर्णेचा गुडघा आणि रामाजीची कप्पी

रामाजी ताकसांडे याच्याइतकं डोकं आसपासच्या दहा गावांत कोणाला नाही, असं पहिल्यांदा म्हटलं ते खुद्द रामाजीनं. मग गाव म्हणू लागलं, कारण गावाला तेवढीच करमणूक. शेवटी त्याची बायको अन्नपूर्णाही म्हणू लागली, कारण चाळीस वर्षं एकाच माणसाला जेवायला वाढायचं म्हणजे त्याच्याबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी हाताशी असावं लागतं. सेवाग्रामपासून पाच-सात किलोमीटरवरच्या त्या गावात आजही त्याला 'इंजिनिअरसाहेब' अशी हाक मारतात. साहेब सातवी पास आहेत. सातवी पास असण्यात काही वाईट नाही. वाईट एवढंच, की एकदा एक गोष्ट जमली म्हणून माणसानं उरलेला जन्म तीच गोष्ट करत राहावं आणि तिला हुशारी म्हणावं.

पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत तो तीस वर्षं खलाशी होता. हा खलाशी जहाजावरचा नव्हे. जड पेट्या, यंत्रं, लोखंडी तुळया दोर, कप्पी आणि पहारीच्या जोरावर उचलून इकडच्या तिकडे ठेवणाऱ्या टोळीतला गडी. काम ताकदीचं आणि अंदाजाचं, आणि रामाजीकडे दोन्ही होतं. वीस वर्षांपूर्वी एक दिवस असा आला, की त्याच्याकडे अक्कलही आहे असं सगळ्यांना दिसलं.

गावात नवा विहार बांधून झाला होता. बुद्धाची दगडी मूर्ती ट्रकनं आली. दुसऱ्या दिवशी भन्तेजी येणार, वर्ध्याहून पाहुणे येणार, आणि मूर्ती ओट्यावर चढवायला बोलावलेली क्रेन गल्लीच्या तोंडाशीच अडकली. गल्ली अरुंद. क्रेनवाला हात झटकून परत गेला. मग पन्नास माणसं मूर्तीभोवती उभी राहून क्रेन आत कशी येईल याचाच विचार करत बसली. कोणाची भिंत पाडावी, कोणाचा ओटा खणावा, लहान क्रेन कुठे मिळते का. तेवढ्यात रामाजी सुटीवर घरी आला. त्यानं मूर्तीकडे पाहिलं. गल्लीकडे पाहिलंच नाही.

"क्रेन कायले पाह्यजे बे? मूर्ती वर जाले पाह्यजे ना?"

एवढं बोलून त्यानं तीन सागवानी बल्ल्या मागवल्या, त्यांची तिवई बांधली, विहिरीवरची कप्पी सोडून तिला लटकवली, आणि दोन तासांत मूर्ती ओट्यावर बसली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, हार घातला, जयभीमच्या घोषणा दिल्या.

त्या दिवशी रामाजीनं खरोखर डोकं चालवलं होतं, हे त्याच्या वैऱ्यानंही मान्य करावं. सगळे ज्या गोष्टीला चिकटून बसले होते, ती सोडून द्यायची हिंमत त्या एकाला झाली. पण हार गळ्यात पडला आणि घात झाला. पुढे त्याला कसलीही अडचण सांगा, त्याच्या डोळ्यांपुढे तिवई आणि कप्पीच उभी राहायची. घरातली मच्छरदाणी त्यानं कप्पीवर टांगली. ती खाली सोडायला वीस मिनिटं लागत, म्हणून अन्नपूर्णा डास चावून घेत झोपायची. धान्याच्या कोठीचं झाकण त्यानं दोरानं उचलायची सोय केली. आता झाकण उघडायला दोन हात आणि दाणे काढायला तिसरा लागतो. एकदा शेजारच्या शोभाबाईची म्हैस चिखलात बसली आणि उठेना. रामाजीनं बल्ल्या आणायला माणसं पिटाळली. बल्ल्या येईपर्यंत म्हैस आपली आपण उठून गोठ्यात गेली. आपली तयारी पाहूनच ती उठली, असं रामाजी अजून सांगतो.

निवृत्तीनंतर त्यानं घर बांधलं ते जुन्या गढीच्या उतारावर, मुद्दाम उंचावर. ओट्यावर बसलं की अख्खं गाव पायाखाली दिसावं ही हौस. रस्त्यापासून घरापर्यंत बावीस पायऱ्या. घरात नळाची तोटी आहे, पण पाणी उताराच्या वर चढत नाही. तोटी फिरवली की नुसती शीळ ऐकू येते. पाणी मिळतं ते पायऱ्यांच्या तळाशी असलेल्या नळावर, एक दिवसाआड, सकाळी पाऊण तास. तेवढ्या वेळात अन्नपूर्णा पितळी गुंड, म्हणजे भली मोठी घागर, डोक्यावर घेऊन सहा खेपा करायची. रामाजी वर ओट्यावर चहा पीत बसायचा आणि नळाला आज दाब किती आहे ते मोठ्यानं सांगायचा.

असं नऊ वर्षं चाललं. मग अन्नपूर्णेचा उजवा गुडघा सुजला, आणि एक दिवस ती दहाव्या पायरीवर गुंड ठेवून मटकन खाली बसली. रामाजी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेला. हाडांच्या विभागातली डॉक्टर तरुण होती, सरळ बोलणारी होती. तिनं फोटो उजेडावर धरला.

"काकू, गुडघ्यातली गादी झिजली आहे. सहा महिने जिना नाही, वजन नाही. एवढं पाळलंत तर चालत राहाल. नाही पाळलंत तर गुडघा बदलावा लागेल, आणि तुमची शुगर बघता ते सोपं नाही. मग कायमचं बसून राहायची वेळ येईल."

"वजन किती किलोपर्यंत चालन म्याडम?" रामाजीनं विचारलं. वजनाचा प्रश्न आला की त्याची छाती भरून यायची.

"पाच किलोच्या वर अजिबात नको. घरी पाणी कोण भरतं?"

"मीच भरतो," अन्नपूर्णा म्हणाली. "बावीस पायऱ्या हायत."

"घरात आणखी कोण आहे?"

"हे हायत ना."

डॉक्टरनं रामाजीकडे पाहिलं. सत्तरीला टेकलेला, पण ताठ, दंड अजून भरलेले, दोन्ही गुडघे शाबूत.

"मग?" ती म्हणाली.

"मी हावोच ना म्याडम. तुमी चिंता करू नोका. मी काढतो काहीतरी आयडिया."

डॉक्टरनं त्या एका 'मग?'मध्ये सगळा इलाज सांगून टाकला होता. नवऱ्यानं गुंड उचलावा आणि वर आणावा, एवढाच तो इलाज. रामाजीनं गोळ्यांची चिठ्ठी खिशात घातली आणि इलाज तिथेच टेबलावर सोडून आला. त्यानं तो नाकारला असता तर त्याला आळशी म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो आळशी नव्हता. तरुणपणी श्रमदानाच्या शिबिरात त्यानं आठ-आठ तास मातीची घमेली वाहिली होती, डेपोत जन्मभर ओझी उचलली होती. पाणी आपण भरू शकतो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला दारच नव्हतं. अन्नपूर्णेच्या गुडघ्यानं पाणी वर कसं न्यायचं, असा प्रश्न त्यानं स्वतःशी मांडला, आणि जो प्रश्नच असा मांडतो त्याला उत्तर कुठून सापडणार!

पहिली आयडिया त्याला ऑटोतच सुचली. गुंड पंधरा लिटरचा, म्हणजे पंधरा किलो. डॉक्टर पाच म्हणाली. तर मग पाच लिटरची कॅन घ्यायची! झालं. सहा खेपांच्या जागी अठरा खेपा. अन्नपूर्णेनं चार दिवस पाच-पाच लिटर वर नेलं आणि पाचव्या दिवशी तिचा गुडघा नारळाएवढा झाला.

"वजन तं कमी केलं ना मी," रामाजी चक्रावून म्हणाला. जिना नाही, असंही डॉक्टर म्हणाली होती, हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याला फक्त किलो ऐकू येतात.

तेव्हा पुण्याहून मुलगा मदतीला धावला. म्हणजे तो पुण्यातच राहिला, मदत फोनवरून धावली. अश्विन कॉम्प्युटरचा इंजिनिअर, खराखुरा, पदवीवाला. त्यानं व्हॉट्सॲपवर 'आईचा गुडघा' नावाचा ग्रुप काढला आणि त्यावर आईच्या गुडघ्याचाच फोटो लावला. ग्रुपवर रोज चर्चा होऊ लागली. अश्विननं गुडघ्याचा पट्टा मागवून पाठवला. तो एक नंबर लहान निघाला. सुनेनं हळदीचा लेप सुचवला. हिंगणघाटला नर्स असलेली मुलगी मेघा व्यायामाचे व्हिडिओ टाकू लागली. अन्नपूर्णेला वाचता येतं, पण फोन रामाजीच्या खिशात असायचा, म्हणून तिच्या गुडघ्याविषयी काय ठरलं हे तिला संध्याकाळी कळायचं.

मेघासारखी खमकी मुलगी, वॉर्डातल्या बाप्यांना दटावून अंथरुणातून उठवणारी, तिनंही त्या ग्रुपवर 'बाबा, तुम्ही पाणी भरा' हे चार शब्द लिहिले नाहीत. तिला सुचले आणि भिडेपोटी तिनं गिळले, असंही नाही. सुचलेच नाहीत. बाबा आणि गुंड ही जोडी तिनं जन्मात एकत्र पाहिली नव्हती. आणि ज्या बाईचा गुडघा होता, तिला तरी कुठे सुचलं! अन्नपूर्णा आपल्या गुडघ्यालाच दोष देत बसली. याच अन्नपूर्णेनं अश्विनला खेळायला पिटाळून मेघाच्या हातात कळशी दिली होती, तेव्हा आता कोणाच्या नावानं बोटं मोडणार?

गावातल्या बाप्यांचं तर विचारूच नका. रजतच्या पानठेल्यावर रोज सकाळी चौघांची बैठक भरायची आणि विषय एकच, रामाजीच्या बायकोचा गुडघा. एक म्हणे नळावर मोटर लावा. पण गेल्या उन्हाळ्यात मारामारी झाल्यापासून पंचायतीनं नळावर मोटर बंद केली होती. दुसरा म्हणे पायऱ्या बुटक्या करा, म्हणजे बावीसच्या चव्वेचाळीस होतील. तिसरा म्हणे जागाच विकून टाका. चौथा, म्हणजे रजत, चुना लावता लावता म्हणाला, "काकाजी, तुमाले तं लोखंड उचलाची सवय. पानी काय चीज हाय तुमच्यापुढं! लावा ना एखादी कप्पी." हे चार धडधाकट पुरुष तिथे रोज दोन तास बसायचे. तेवढ्या वेळात चौघांनी दोन-दोन गुंड वर नेले असते तर अन्नपूर्णेच्या घरात पाणी ठेवायला जागा उरली नसती.

कप्पी हा शब्द कानावर पडला आणि रामाजीच्या अंगात आलं.

जानेवारीत त्यानं काम सुरू केलं. ओट्याच्या कोपऱ्यात एक लोखंडी पाइप रोवला, दुसरा खाली नळापाशी. दोन्हीवर कप्प्या, त्यांच्यावरून दोर, दोराला बादली अडकवायचा आकडा. खालून भरलेली बादली अडकवायची, वरून दोर ओढायचा. बादली पायऱ्यांवरून अधांतरी तरंगत वर येणार. हे उभं करायला त्याला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात पाणी अन्नपूर्णाच भरत होती, पाच लिटरच्या कॅननं, एकेक पायरी बसून, पाय ओढत. तो पाइपाचं प्लास्टर वाळतंय का पाहत उभा असायचा आणि ती बाजूनं जायची. त्याच महिन्यात विहारात बायकांचा कार्यक्रम झाला. बाईनं मागे राहू नये, बाप्याच्या बरोबरीनं उभं राहावं, यावर रामाजीनं पंधरा मिनिटं छान भाषण दिलं. टाळ्या पडल्या. अन्नपूर्णेला भाषण ऐकता आलं नाही. ती मागे चहासाठी पाणी आणत होती.

मशीन पाहून तिनं एकच प्रश्न विचारला. "मेघाचे बाबा, खाली बादली कोन अडकवन?"

"तू."

"अन् वर दोर कोन ओढन?"

"तूच. लय हलकं जाते. एका हातानं ओढशीन."

"म्हंजे मले खाली-वर तं कराच लागन ना?"

"पन रिकाम्या हातानं!" रामाजी वैतागला. "वजन नाई, मेघाची माय. फरक समजून घे. डोकं लाव जरा."

"अन् तुमी?"

"मी मधात उभा राहीन. दोर कप्पीवरून सरकला तं पाहाले कोनी पाह्यजे का नाई?"

तर असं ते यंत्र. पाणी दोरावरून जाणार, बाई पायऱ्यांवरून जाणार, आणि इंजिनिअरसाहेब अकराव्या पायरीवर उभे राहून दोघांवर लक्ष ठेवणार. पानठेल्याची बैठक मशीन पाहायला आली आणि चौघांनीही माना डोलावल्या. अश्विननं ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पाठवली. साऱ्या खानदानात एकही डोकं असं निघालं नाही, जे म्हणेल की अरे, मधे उभा राहणारा खाली उभा राहिला तर!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी उद्घाटन झालं. अश्विन व्हिडिओ कॉलवर होता. फोन रजतनं धरला होता. नळावर पाण्याला आलेल्या बायका गुंड बाजूला ठेवून पाहत होत्या. त्यांत खालच्या घरातली सुलोचना होती, जिची जीभ गावात धारदार समजली जाते. अन्नपूर्णेनं पहिली बादली भरून आकड्याला अडकवली, बावीस पायऱ्या चढून वर गेली, दोर ओढला. बादली हेलकावे खात निम्मं पाणी सांडत वर पोचली. टाळ्या. ती पुन्हा खाली आली. दुसरी बादली. पुन्हा खाली. तिसरी. आता टाळ्या वाजवून लोकांचे हात दुखले होते, आणि तिच्या गुडघ्याची तर कोणी चौकशीच केली नव्हती.

चौथ्या वेळी बादली अडकवून ती वर चढत होती. पायऱ्या सांडलेल्या पाण्यानं ओल्या झाल्या होत्या. पंधराव्या पायरीवर तिचा पाय सरकला. तिनं आधारासाठी हात वर केला आणि हाताला आला तो दोर. दोर कप्पीवरून निसटला, खालच्या पाइपाशी टांगलेली बादली घसरू लागली. एकाच वेळी बाई पडत होती आणि बादली पडत होती. रामाजी दोघांच्या मधोमध उभा होता. तीस वर्षांची सवय. तो झेपावला आणि त्यानं दोर धरला.

बादली वाचली. थेंबभरही पाणी सांडलं नाही.

अन्नपूर्णा चार पायऱ्या खाली येऊन पडली. गुडघा भलतीकडे वळला होता. ती ओरडली नाही. नुसती 'माय वं' म्हणाली आणि डोळे मिटले. रजतच्या हातातल्या फोनमधून अश्विनचा आवाज येत होता, "बाबा, कॅमेरा हलला. पानी पोचलं का वर?"

चौघांनी तिला बाजेवर घालून रस्त्यावर आणलं. चौघे पुरुष, एका दमात. उचलायचं ठरवलं की उचलता येतं.

दवाखान्यात तीच डॉक्टर होती. या वेळी तिनं रामाजीला काही विचारलं नाही. ती अन्नपूर्णेशीच बोलली. आतलं लिगामेंट फाटलं आहे, शुगरमुळे आत्ता ऑपरेशन नको, तीन महिने पाय बांधून ठेवू. जिना चढला नाही तर पुन्हा चालाल, अजून वेळ गेलेली नाही. मेघा हिंगणघाटहून आली आणि आईला सरळ आपल्या घरी घेऊन गेली. तिचं घर तळमजल्यावर आहे, आणि स्वयंपाकघरात हात लांब केला की नळ.

रामाजी एकटा राहिला. दोन दिवस माठातल्या पाण्यावर निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी माठ कोरडा, नळाला पाणी आलेलं, आणि मशीनचा दोर तर निसटलेला. ओढायलाही कोणी नाही. त्यानं थोडा वेळ तोटीची शीळ ऐकली. मग गुंड उचलला आणि खाली गेला.

नळावरच्या बायका आपापली भांडी सोडून पाहू लागल्या. त्या गावात पुरुष पाणी आणत नाहीत असं नाही. सायकलला चार कॅन बांधून आणतात, मोटरसायकलवर ड्रम लादून आणतात. त्यात यंत्र असतं, म्हणून चालतं. पण नुसता गुंड खांद्यावर घेऊन बाप्या पायऱ्या चढतो, हे कोणी पाहिलं नव्हतं.

"रामाजीभाऊ," सुलोचना म्हणाली, "तुमाले पानी भरता येते वाटते!"

"त्यात काय येवाचं हाय?" रामाजी म्हणाला.

त्यात काय यायचं आहे! हे त्याच्याच तोंडून निघालं, त्याच्याच कानात शिरलं आणि कुठेही न अडखळता दुसऱ्या कानानं बाहेर पडलं. त्यानं गुंड भरला, उचलून खांद्यावर ठेवला आणि बावीस पायऱ्या चढून गेला. धापसुद्धा लागली नाही. अशा पाच खेपा. वीस मिनिटांत माठ, टाकी, बादल्या सगळं भरलं, आणि मग तो ओट्यावर बसून मशीनमध्ये कुठे चुकलं याचा विचार करू लागला.

मार्च गेला, एप्रिल गेला. एक दिवसाआड रामाजी पाणी भरत होता. वर्ध्याच्या त्या उन्हात गुंड तापायचा, म्हणून खांद्यावर दुपट्टा घ्यायला तो शिकला. पाऊल कुठल्या पायरीवर तिरकं टाकायचं, हे शिकला. एका शब्दानं सांगायचं तर अन्नपूर्णेचा प्रश्न त्यानं सोडवला होता, आणि रोज सोडवत होता, फक्त ही बातमी त्याला स्वतःला नव्हती. डोकं मशीनमध्ये होतं. आता दोर ओढायला मोटर बसवायची होती. मोटर बावीस किलोची. तीही त्यानं खांद्यावर टाकून वर आणली.

त्याला बायकोची आठवण येत नव्हती असं म्हणू नये. यायची. भाकरी करपली की यायची, संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायला कोणी नसलं की यायची. दोन-तीनदा तो एकटाच रडलाही. मोटरचं काम तो तिच्यासाठीच करत होता, मनापासून करत होता, आणि म्हणूनच त्याचा अधिक संताप येतो.

मेच्या मध्यावर मोटर फिरली. त्यानं लगेच हिंगणघाटला फोन लावला. अन्नपूर्णा आता वॉकर धरून खोलीभर चालत होती.

"मेघाची माय, झालं काम! आता ये तू. दोर ओढाचं कामच नाई. बादली अडकवाची, वर येवाचं अन् बटन दाबाचं."

"हाव का," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "अन् इतके दिवस पानी कोन भरून राह्यलं?"

"मीच. दुसरं कोन भरन?"

"तुमी? डोक्शावर?"

"खांद्यावर. ते तात्पुरतं हाय वं. तू आली का मंग मशीन हायच."

"तीन महिन्यांपासून?"

"हाव."

"कितीक येळ लागते तुमाले?"

"वीस मिन्टं. काऊन?"

पलीकडून एक आवाज आला. ती हसते आहे की रडते आहे हे रामाजीला कळलं नाही. त्याला एरवीही ते कळत नसे.

"मेघाचे बाबा," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, "मी तिथं नसली का पानी वर चढते. नऊ वर्सं मले वाटे पायऱ्याच जास्त हायत. मी आली का तुमी गुंड खाली ठेवसान. मंग माहा गुडघा जाईन. मी इथंच बरी हावो."

"म्हंजे? मशीन बनवलं ना तुह्यासाठी!"

"मशीन राहू द्या तिथंच," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रामाजीनं पानठेल्यावर नवा प्रश्न मांडला. बायको परत यायला तयार नाही, काऊन? चौघांनी विचार केला. एक म्हणाला, मुलीकडे सवय लागली. दुसरा म्हणाला, पडल्याची धास्ती बसली असेल. रजत चुना लावत म्हणाला, "काकाजी, ते पायऱ्यांले भेली असन. तिले चढाचंच काम नाई पडलं तं?"

रामाजीचे डोळे चमकले. खुर्ची! दोन लोखंडी रूळ, त्यावर खुर्ची, खुर्चीला पट्टा, वर मोटर. अन्नपूर्णा खाली बसेल आणि बटन दाबलं की थेट ओट्यावर. मग ती बादली भरायला कितीदाही खाली-वर करू शकेल!

त्या दिवशी नळाला पाणी होतं. तो भरलेला गुंड खांद्यावर घेऊन वर निघाला. पंधराव्या पायरीवर, जिथे ती पडली होती, तिथे त्यानं गुंड उतरवून ठेवला, खिशातून टेप काढला आणि पायरीची रुंदी मोजली. मग उंची. आकडे तळहातावर लिहिले. खालून सुलोचना पाहत होती.

एकच आकडा अडला. मोटरवर भार किती येणार, म्हणजे अन्नपूर्णेचं वजन किती धरायचं? पन्नास? साठ? डेपोतल्या प्रत्येक पेटीचं वजन त्याला अजून तोंडपाठ आहे. त्या मूर्तीचं आहे, मोटरचं आहे, गुंडाचं भरलेलं आणि रिकामं दोन्ही आहे. हिचं किती, ते त्याला सांगता येईना. विचारून घ्यावं म्हणून त्यानं पायरीवर बसून फोन लावला. पलीकडे घंटी पूर्ण वाजली आणि बंद झाली. त्यानं पुन्हा लावला. तिकडून कोणी उचलला नाही.